घराचे धर्मांतर : रेव्हरंड टिळकांच्या जीवनातील बोध

ऑक्टोबर १९५६ मध्ये परमपूज्य बाबासाहेबांचा मुक्काम नागपुरात सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात होता. १४ ऑक्टोबरला त्यांनी व माईसाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून एकत्रच धम्मदीक्षा घेतली. पती-पत्नी जोडीने नव्या मार्गावर आली. पण प्रत्येक नवदीक्षित घरात असे घडतेच असे नाही. पती त्रिशरण घेतो, पत्नीच्या मनातून मात्र देव्हाऱ्याचे भय जात नाही. मग घरात धुसफूस सुरू होते. अशा कुटुंबांनी, एके काळी याच नागपुरात राहिलेल्या एका माणसाचे जीवन पाहावे. त्याचा मार्ग ख्रिस्ताचा, आपला तथागतांचा; परंतु घरची अडचण तीच.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली कोकणात, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले व धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गृहस्थाने त्यांना बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळी पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. त्यांची संमतीही नव्हती. त्यांच्यावर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये धर्मसेवेच्या कामाला लागले. परंतु ज्याने जगाला प्रेम सांगायचे, त्याचेच घर मोडलेले होते. त्या एकाकी वर्षांत प्रार्थना व ख्रिस्तावरील निष्ठा हाच त्यांचा आधार होता. त्यांनी श्रद्धा सोडली नाही, आणि पत्नीलाही सोडले नाही.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्या आपला धर्म राखूनच. सोवळे पाळीत, स्वयंपाक वेगळा करीत. टिळकांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की जात ही माणसाने निर्माण केली आहे. मग ती पाळायची कशाला? त्यांनी आधी जात टाकली व कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१९ साली ते वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. सक्तीने ओढून आणलेली स्त्री हे करू शकली असती काय?

वाचकहो, टिळकांची चूक व त्यांचा गुण, दोन्हींपासून शिकावे. घरच्या बाईला अंधारात ठेवून दीक्षा घेणे, ही चूक. तिच्या बुद्धीवर विश्वास ठेवून वाट पाहणे, हा गुण. तथागतांनी तर स्वतः पारखून घेतल्याशिवाय काहीच स्वीकारू नये, असे शिकविले. तो अधिकार घरातल्या स्त्रीलाही आहे. देव्हारा रागाने फेकून दिल्याने मनातला देव जात नाही. तिला विहारात सोबत न्या, बावीस प्रतिज्ञांचा अर्थ समजावून सांगा, तिच्या शंका ऐका. ज्या दिवशी ती स्वतःच्या हाताने देव्हारा रिकामा करील, त्या दिवशी तुमच्या घराचे धर्मांतर पुरे झाले असे समजा.