घर आणि काम यांतले अंतर मोजणारा माणूस

धनंजयराव गाडगीळ हे नाव घेतले की जुन्या पिढीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आठवतो, आम्हा बँकवाल्यांना अग्रणी बँक योजना आठवते आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना राज्यांच्या वाटणीचे गाडगीळ सूत्र. वसई-विरारकरांनी मात्र त्यांची आठवण काढावी असे काही कारण आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. सकाळच्या विरार लोकलला ज्याने एकदा तरी लोंबकळून प्रवास केला आहे, पावसाळ्यात ज्याच्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी शिरले आहे, आणि आपल्या मुलाने आपल्यासारखे रोज चार तास गाडीत घालवू नयेत असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाने या माणसाची गोष्ट एकदा ऐकावी. कारण आपल्या वाट्याला आलेला प्रश्न त्यांनी साठ वर्षांपूर्वी सरकारसमोर ठेवला होता.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण नागपुरात गेले आणि पुढचे शिक्षण केंब्रिजमध्ये. त्या काळी विलायतेला गेलेला हुशार मुलगा आय.सी.एस. होऊन परतायचा किंवा बॅरिस्टर होऊन. धनंजयरावांनी मात्र तिथे बसून हिंदुस्थानातले उद्योगधंदे कसकसे बदलत गेले याचा प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे कित्येक पिढ्या महाविद्यालयांत क्रमिक पुस्तकासारखा वाचला गेला. तेव्हा लेखकाचे वय होते अवघे तेवीस! जुन्या शहरांतले कारागीर का बसले, गिरण्या कुठे आल्या, शेतीवरचा भार का वाढला, असे प्रश्न त्यात होते. कामधंदा हलला की माणूस हलतो आणि माणूस हलला की गाव बदलते, ही जाण त्यांना इतक्या लहान वयात आली होती.

परत आल्यावर थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी आणि मग सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद, असा पाच-सहा वर्षांचा काळ गेला. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयराव पुण्यात आले. मग १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते तिथेच राहिले. पगार आणि मान यांहून मोठ्या जागा त्यांना मिळाल्या नसत्या असे नाही. पण त्यांना हवे होते ते काम तिथे होते.

ते काम काय, तर मोजणे. आज सर्वेक्षण हा शब्द गुळगुळीत झाला आहे. त्या काळी शहराचा कारभार पाहणारे लोक आपल्या शहरात माणसे काय करतात, किती कमावतात, कशी राहतात हे अंदाजाने सांगत. धनंजयरावांनी पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी हाती घेतली. संस्थेची माणसे कारागिरांच्या दुकानात गेली, कारखान्यांत गेली, कुटुंबाकुटुंबात जाऊन बसली. त्या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सोलापूरचाही असाच अभ्यास झाला. शहराबद्दल काही ठरवायचे तर आधी त्याच्या दारोदारी जावे लागते, ही शिस्त महाराष्ट्राला लावली ती त्यांनी.

पण ते नुसते आकड्यांचे पंडित नव्हते. शेतीच्या कर्जपुरवठ्यावर सरकारने नेमलेल्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. पुढे रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, तिच्या चौघांच्या समितीत तेही होते. ७५ जिल्हे, ६०० खेडी आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे धुंडाळून त्या समितीने १९५४ मध्ये दाखवून दिले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे आणि बाकीचा बहुतेक सगळा बाजार सावकाराचा. या अहवालातूनच १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आकडा नीट मांडला तर तो केवढी उलथापालथ करू शकतो, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

त्याच सुमारास नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायच्या खटपटीत होते. पुण्याचा हा विद्वान त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि प्रवरा कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. एकीकडे केंब्रिजचा प्रबंधकार, दुसरीकडे फारसे न शिकलेला कर्तबगार शेतकरी. ही जोडी जमली कारण दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. उसाचे पैसे गावात राहावेत, कारखाना गावात यावा आणि गावच्या पोराला कामासाठी मुंबईची वाट धरावी लागू नये. प्रवरानगरला कारखान्याभोवती पुढे शाळा आल्या, दवाखाने आले, वस्ती आली. आधी काम आले, मग घरे आली. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता मुंबईकडे येऊ. १९५१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या ३० लाखांच्या घरात होती, ती १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाखांवर गेली. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे शहर वाढवावे असे सुचवले होते. १९६५ मध्ये महाराष्ट्र सरकारने धनंजयरावांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली. मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांचे नियोजन कोणत्या तत्त्वावर करावे, हे तिने सांगायचे होते. १९६६ मध्ये अहवाल आला. मुंबईत नवे कारखाने येऊ देण्यावर कडक बंधने घाला आणि खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर एकच अगडबंब शहर न वसवता अनेक छोटी केंद्रे विकसित करा, असे त्याचे सार होते. अशा एकेका वस्तीची लोकसंख्या अडीच लाखांच्या आत असावी, अशी कल्पना होती. म्हणजे माणसाला घरापासून कामापर्यंत फार लांब जावे लागू नये, शाळा-दवाखाना-बाजार हाताशी असावा आणि दोन वस्त्यांमध्ये शेत, झाड, मोकळी जागा शिल्लक राहावी.

अहवाल फुकट गेला असे म्हणता येत नाही. प्रादेशिक व नगररचनेचा कायदा १९६६ मध्येच झाला. १९६७ मध्ये मुंबई प्रदेशासाठी नियोजन मंडळ नेमले गेले आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईचे काम सुरू झाले. तिथली उपनगरे वेगवेगळ्या केंद्रांच्या रूपाने आखली गेली, त्यामागे हाच विचार आहे.

धनंजयराव तोवर दिल्लीला पोहोचले होते. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद थोडा काळ सांभाळून १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राने राज्यांना मदत वाटताना मर्जीवर जाऊ नये, नियमावर जावे म्हणून त्यांनी सूत्र घालून दिले. साठ टक्के वाटा लोकसंख्येवर आणि उरलेला गरिबी, करवसुलीचा प्रयत्न, चालू मोठे प्रकल्प व खास अडचणी यांवर. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अभ्यासगटाने सांगितले की बँकांनी सगळीकडे विस्कळीतपणे धावू नये, एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी. त्यातून अग्रणी बँक योजना आली. मी नोकरीला लागलो तेव्हा ते जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती, पण जिल्ह्याचा पतआराखडा तयार करताना आम्ही रात्री जागवायचो त्या त्यांच्याच विचाराच्या हिशेबापायी!

१९७१ मध्ये आयोगाचे काम सोडून ते पुण्याकडे निघाले आणि ३ मे रोजी त्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा शेवट घराच्या वाटेवर व्हावा, याची रुखरुख वाटते.

आता आपल्या वसईचे पाहू. बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहताना मला एक सवय लागली होती. सातबारा, बिनशेती परवाना, वकिलाचा सर्च रिपोर्ट हे सगळे पाहायचेच, पण त्याआधी अर्जातले दोन पत्ते वाचायचे, घराचा आणि नोकरीच्या ठिकाणाचा. घर नालासोपाऱ्याला, नोकरी अंधेरीला. घर विरारला, नोकरी चर्चगेटला. वसई पूर्वेच्या गाळ्यांत, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत काम करणारा अर्जदार क्वचित येई, कारण त्या पगारात हप्ता बसत नसे. म्हणजे ज्यांचे काम इथे आहे त्यांना इथे पक्के घर परवडत नव्हते आणि ज्यांना घर परवडत होते त्यांचे काम इथे नव्हते. धनंजयरावांच्या समितीला जे नको होते ते या दोन पत्त्यांत मावत होते.

हे असे का झाले? त्यांच्या सल्ल्यातला अर्धा भाग सरकारला सोपा होता, तो म्हणजे मुंबईत नवे कारखाने नकोत. त्याला एक शासकीय आदेश पुरतो. दुसरा अर्धा भाग, म्हणजे बाहेर केंद्रे उभारणे, तिथे आधी रोजगार, पाणी, गटारे, रस्ते नेणे, हा खर्चाचा आणि चिकाटीचा होता. नवी मुंबईत तो काही प्रमाणात झाला. वसई-विरारसाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमले ते १९९० मध्ये, आणि विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ साल उजाडले. माणसे सतरा वर्षे थांबत नाहीत. ज्यांना मुंबईत जागा परवडत नव्हती ती इथे आली आणि ज्याने जसे बांधून दिले तसे घर त्यांनी घेतले. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली, समितीने कल्पिलेल्या वस्तीच्या जवळजवळ पाचपट.

समितीचेही सगळे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. लोकसंख्येची मर्यादा कागदावर लिहून माणसांचा लोंढा अडत नाही. कारखान्यांवर बंधने घालताना मुंबईतल्या कामगाराला पुढे कोणते काम मिळेल, याचे उत्तरही तितक्याच तपशिलाने हवे होते. पण चूक त्या उद्दिष्टात नव्हती. घरे आणि रोजगार यांचा एकत्र विचार करा, हे सांगणे आजही खरे आहे.

न केल्याची किंमत आपण मोजतो आहोत. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव ठेवलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक चार मजली अनधिकृत इमारत कोसळून १७ जण गेले. ही माणसे हौसेने बेकायदा घरात राहिली नव्हती. त्यांच्या मिळकतीत बसणारे कायदेशीर घर कुणी बांधलेच नव्हते.

आता जिल्ह्यात मोठी कामे येत आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक विरारला आहे. ही कामे आली की माणसे येणार, आणि शहराच्या आर्थिक धोरणाची नव्याने मांडणी करावी लागणार. ती करताना मला धनंजयरावांचा क्रम आठवतो. पहिले मोजा. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पक्का आकडा म्हणून आपल्यापुढे आहे तो २०११ चाच. मग रोजगार कुठे येणार ते ठरवा. पूर्वेच्या गाळ्यांना नीट रस्ते आणि वीज द्या, आणि त्यांच्या चालत्या अंतरावर कामगाराच्या पगारात बसणारी, भाड्याचीही, घरे बांधा. पश्चिमेच्या वाड्या, केळीच्या बागा, पानवेली, मिठागरे यांना रिकामी जागा समजू नका. तोही रोजगारच आहे, आणि पावसाचे पाणी जिरायची जागाही तीच आहे.

यातले काहीही नवे नाही. २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती येतील तेव्हा आपल्या नगरसेवकाला, आमदाराला एवढेच विचारायचे आहे की या शहरात राहणाऱ्या किती माणसांचे काम याच शहरात आहे. उत्तर तयार नसेल, तर आधी ते शोधायला लावायचे आहे. पुण्यात नव्वद वर्षांपूर्वी धनंजयरावांची माणसे दारोदार गेली होती. वसईत तेवढी दारे नक्कीच उघडतील.