ताई चीचे सुगम गुरू

चीनमधील चच्यांग प्रांतात १९०२ साली जन्मलेले चेंग मान-चिंग हे चित्रकार, कवी, सुलेखनकार आणि वैद्य होते. तारुण्यात क्षयाने ग्रासल्यावर ते ताई चीकडे वळले आणि पुढे यांग चेंगफू यांचे शिष्य झाले. यांग घराण्याचा शंभरावर हालचालींचा दीर्घ क्रम सर्वसामान्यांना अवघड जाई. चेंग यांनी पुनरावृत्ती गाळून तो ३७ पवित्र्यांवर आणला. परंपरा खंडित केल्याची टीका त्यांनी सोसली. अंग सैल ठेवावे, भार एका पायावर पूर्णपणे स्थिरावू द्यावा, मगच दुसरे पाऊल उचलावे, हा त्यांच्या शिकवणुकीचा पाया. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी बिगरचिनी शिष्यांनाही ही विद्या मुक्तहस्ते दिली. १९७५ मध्ये तैवानमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा संक्षिप्त क्रम मात्र जगभर गिरवला जातो.