विश्वेश्वरय्या, पांझरा आणि इमारतींचे खुले नियम

दर १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डेचे मेसेज येतात. पगडीवाला करारी चेहरा आणि खाली मेणबत्तीची नाहीतर रेल्वेच्या रुळाची गोष्ट. त्या गोष्टी आज बाजूला ठेवू. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं आपल्या धुळ्याकडे गेली, हे खानदेशातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि आपण डोकं लावून बनवलेली वस्तू कोणाची, हा ओपन सोर्सवाल्यांचा प्रश्न त्यांच्यासमोर शंभरहून जास्त वर्षांपूर्वी आला होता.

जन्म १८६१ चा, मुद्देनहळ्ळीचा. हे गाव आजच्या कर्नाटकात आहे. वडील संस्कृतचे जाणकार, पण ते लवकर गेले. बंगळुरूत शिकवण्या घेत बी. ए. केलं, मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच आजचं सीओईपी. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. आधी नाशिक, मग लगेच खानदेश.

साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाण्याचा सायफन न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. सायफन म्हणजे काय, तर कालव्याच्या वाटेत नदी आडवी आली की पाणी नळातून खाली उतरवायचं, पात्राखालून न्यायचं आणि पलीकडे परत वर काढायचं. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली असलं की पाणी आपणच चढतं. पंप नको, मोटर नको. कागदावर सोपं आहे हो. पण पावसाळा सुरू झाला, खणलेले चर वाळूनं भरायला लागले. तेविशीतल्या या पोरानं वरिष्ठांना लिहिलं की काम पावसाळ्यानंतर करू. वरून कडक उत्तर आलं. मग त्यांनी पुरात नदी ओलांडत ते काम तडीला नेलं, आणि ज्या साहेबांनी झापलं होतं त्यांनीच पुढे कौतुकाचा शेरा मारला. पहिल्या नोकरीत डेडलाइन पुढे ढकलायची मेल टाकलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल.

याच पांझरेवर तेव्हा फड पद्धत चालू होती, तीही काही शतकं. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकाच प्रकारचं पीक, पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी पडलं तर तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. या पद्धतीतलं मला सगळ्यात भावतं ते असं की नियम सगळ्यांना तोंडपाठ असायचे. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत, त्यालाही आपला वाटा किती आणि कधी, हे कोणाला पैसे न देता कळायचं. पुढे १८९९ मध्ये विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राचे गट, त्यात पिकांची फेरपालट, पाण्याचा हिशेब. फड आणि ब्लॉक शेजारी शेजारी मांडून बघा, साम्य लपत नाही.

मधल्या काळात सिंधमधल्या सक्करला नदीपात्रात विहीर खोदून वाळूतून गाळलेलं पाणी शहराला दिलं. पण खरी गंमत खडकवासल्याची. पुण्याला पाणी जास्त हवं होतं, धरणाची भिंत वाढवायची नव्हती. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारं बसवायचं ठरवलं, म्हणजे सुमारे ८ फूट जास्त पाणी साठवता येईल. दारांना तोलणारी जड वजनं विहिरीत टांगलेली. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी विहिरीत शिरतं, वजन पाण्यात हलकं होतं, तोल बदलतो आणि दार उघडतं. पूर ओसरला की विहीर रिकामी होते, वजन पुन्हा जड, दार बंद. सेन्सर, कंट्रोलर आणि मोटर, तिन्ही कामं आर्किमिडीजच्या तत्त्वावर! १९०३ मध्ये ही दारं बसली. मग ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ती पद्धत गेली.

या दारांचं पेटंट त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. रॉयल्टी मात्र घेतली नाही, कारण हे काम सरकारी नोकरीत असताना केलेलं होतं. इथे एक बारकावा आहे. पेटंट म्हणजे गुपित असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पेटंट घेणाऱ्याला आपली रचना उघड लिहून द्यावी लागते. वाचायला ती सगळ्यांना खुली, फक्त वापरायला परवानगी लागते. विश्वेश्वरय्यांनी वापरायचे पैसेही सोडून दिले. राहिलं ते फक्त नाव.

आता याच्या बरोबर उलट चित्र बघा. इमारत कशी बांधायची याची देशाची मानकं ठरवायला १९४७ मध्ये इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. तिचीच पुढे बीआयएस झाली. १९७० मध्ये नॅशनल बिल्डिंग कोड आला. आज जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांना लागू असलेली २०२० ची एकत्रित विकास नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, घराच्या मजबुतीसाठी आणि आगीपासून सुरक्षेसाठी याच कोडकडे बोट दाखवते. नियमावलीची पीडीएफ फुकट, पण ती ज्या कोडकडे पाठवते तो कोड एके काळी १३,७६० रुपयांना मिळायचा. पाळणं सक्तीचं, वाचणं पैशाचं! मला तरी हे डॉक्युमेंटेशन पेवॉलमागे ठेवून युजरला दंड करण्यासारखं वाटतं. फरक एवढाच की इथे क्रॅश झालं तर स्लॅब खाली येतो.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला. त्या दोन थरांना जोडणारे लांब आडवे दगड मधून मधून घाला, हे सांगणारं आयएस १३८२८ हे मानक त्याच वर्षाचं आहे. गवंड्याच्या हातात पडायला हवा असा कागद, आणि तो इंग्रजीत छापून विकत ठेवलेला.

विश्वेश्वरय्यांना मात्र मी सरसकट खुलेपणाचे संत म्हणणार नाही. १९०८ मध्ये नोकरी सोडल्यावर त्यांनी मुसीच्या पुरानंतर हैदराबादसाठी योजना आखली, १९१२ पासून म्हैसूरचे दिवाण म्हणून धरण, कारखाने, बँक, विद्यापीठ उभं केलं. पण १९१८ मध्ये मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्यायचा विषय आला तेव्हा त्यांनी विरोध केला आणि पद सोडलं. गुणवत्तेवर त्यांचा विश्वास होता. गुणवत्ता कमवायला लागणारी पुस्तकं, शाळा आणि वेळ कोणाकडे होता, हा प्रश्न त्यांना तितका टोचला नाही असं मला वाटतं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये शंभरी पार करून ते गेले.

मानकांची गोष्ट त्यानंतर पन्नास वर्षांनी हलली. कार्ल मलामूद या अमेरिकन कार्यकर्त्यानं २०१३ मध्ये हजारो भारतीय मानकं नेटवर टाकली. बीआयएसनं हरकत घेतली. २०१५ मध्ये मलामूद, श्रीनिवास कोडाली आणि इंडियन कानूनवाले सुशांत सिन्हा दिल्ली उच्च न्यायालयात गेले. म्हणणं एवढंच की सुरक्षेचे नियम नागरिकाला फुकट वाचता यायला हवेत.

आता बीआयएसच्या साइटवर नाव नोंदवून भारतीय मानकं फुकट उतरवता येतात, अगदी फोनवरही. भाषा अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजीच, आणि वाक्यं वकिली. पण आकृत्या आहेत, आणि घरचं बांधकाम चालू असेल तर त्या आकृत्याच कामाच्या. विटांचं घर असेल तर आयएस ४३२६ शोधा. गावाकडचं दगडमातीचं असेल तर १३८२८. ते दोन थर जोडणाऱ्या दगडाचं चित्र त्यात सापडेल. त्याचा स्क्रीनशॉट काढून गवंडीकाकांच्या वॉट्सॲपवर टाकायला एक रुपया लागत नाही.