डॉ. इरावती कर्वे यांचे बर्लिनमधील शिक्षण

ब्रह्मदेशात, ज्यास आता म्यानमार म्हणतात, इरावती नावाची एक विशाल नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाते. तिच्या काठी म्यिंजान नावाचे गाव आहे. तेथील कापसाच्या एका कंपनीत गणेश हरी करमरकर नावाचे महाराष्ट्रीय गृहस्थ नोकरीस होते. १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांस कन्यारत्न झाले व त्या नदीचेच नाव तिला ठेवण्यात आले. पुढे हिंदुस्थानातील नद्या, डोंगर व माणसे पाहत आयुष्यभर फिरलेल्या या विदुषीस हे नाव शोभून दिसले, यात शंका नाही.

सातव्या वर्षी इरावती पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत शिकण्यास आली. आईबापांपासून इतक्या दूर वसतिगृहात राहणे सोपे नव्हते. पण शाळेत तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजपे यांच्या घरात प्रवेश मिळाला. ते घर तिचे दुसरे माहेरच झाले. पुस्तकांनी भरलेल्या त्या घरात मुलीने काय वाचावे व काय वाचू नये यावर पहारा नव्हता. १९२६ साली फर्गसन कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ती पदवीधर झाली, आणि दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर मुंबईस प्रा. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकू लागली. घुर्ये हे स्वतः केंब्रिजला रिव्हर्स व हॅडन या नामांकित मानवशास्त्रज्ञांजवळ शिकून आलेले होते. चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ साली इरावतीबाईंनी एम.ए.ची पदवी संपादन केली. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर, जे फर्गसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत, त्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

येथे मानवशास्त्र म्हणजे काय हे आमच्या लहान वाचकांस सांगावयास हवे. माणसाचा देह, त्याची भाषा, नातीगोती, लग्नाच्या चाली, देवधर्म, घरे, हत्यारे या सर्वांचा पद्धतशीर अभ्यास करणारे हे शास्त्र होय. ऐकण्यास ते निरुपद्रवी वाटते. परंतु त्या काळी या शास्त्राच्या पोटात एक विषारी प्रश्न दडून बसला होता: काही मानववंश जन्मतःच श्रेष्ठ आणि काही जन्मतःच कनिष्ठ असतात काय? युरोपातील पुष्कळ विद्वानांनी या प्रश्नाचे उत्तर होय असे आधीच ठरवून ठेवले होते, आणि पुरावा मात्र मागाहून शोधावयास घेतला होता.

सर्वच विद्वान त्या मताचे होते असे नव्हे. जर्मनीतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या फ्रांझ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिलेल्या हजारो लोकांची व त्यांच्या मुलांची डोकी मोजून १९११ साली असे दाखविले की, देश बदलला की मुलांच्या डोक्याची ठेवणही काही अंशी बदलते. म्हणजे जिला वंशाची अढळ खूण समजत होते ती अढळ नाहीच. बोआस ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकवीत, तेथेच डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९१५ साली एम.ए. पदवी मिळविली, आणि बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी हिंदुस्थानातील जातींवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. गटाबाहेर लग्न न करण्याचे बंधन हेच जातीचे मर्म आहे, असे त्यांनी त्यात मांडले. इरावतीबाई मात्र अमेरिकेस न जाता जर्मनीस गेल्या. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आले होते, आणि पत्नीनेही तेथेच जावे असा त्यांचा आग्रह होता.

घरात या बेतास विरोध झाला तो स्वतः महर्षींचा. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले, त्यांनी आपल्या सुनेस परदेशी पाठविण्यास नापसंती दाखवावी, हे वाचून आश्चर्य वाटते. परंतु थोर माणसांच्या थोरपणासही कोठेतरी उंबरठा असतो, आणि तो बहुधा घरातलाच असतो. पुत्राने पित्याचे ऐकले नाही. पैशांची अडचण होती, ती डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढून भागविण्यात आली. हेच मेहता १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. अशा रीतीने १९२८ साली ही तरुण स्त्री पती व घर मागे ठेवून समुद्रापार निघाली.

बर्लिन शहराच्या डालेम नावाच्या भागात, इनेस्ट्रासे या रस्त्यावर, कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा १९२७ साली उघडली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाजनन हे तिचे विषय. तिचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर. त्यांचे नाव तेव्हा साऱ्या युरोपात गाजत होते. दक्षिण-पश्चिम आफ्रिका, म्हणजे आजचे नामिबिया, हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात असता १९०८ साली ते तेथे गेले होते. त्याच मुलखात नुकताच, १९०४ पासून, जर्मन सैन्याने हेरेरो व नामा या लोकांचा भयंकर संहार केलेला होता. फिशर यांनी तेथे बोअर पुरुष व खोईखोई स्त्रिया यांच्या वंशजांची तपासणी केली आणि १९१३ साली ग्रंथ लिहून, अशी लग्ने होऊ देऊ नयेत असा निष्कर्ष काढला. अशा गुरूच्या पायाशी गुलाम देशातील एक सावळी विद्यार्थिनी बसली होती.

गुरूने तिला जो विषय दिला तो कवट्यांचा. माणसाची कवटी दोन्ही बाजूंस अगदी सारखी नसते, ही गोष्ट कोणासही आरशापुढे उभे राहून, निदान चेहऱ्यापुरती, पडताळून पाहता येईल. फिशर यांचे अनुमान असे होते की, गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत ही विषमता विशेष असते. कारण त्यांच्या मेंदूचा उजवीकडील पुढचा भाग मोठा असून तो त्यांच्या अधिक बुद्धिमत्तेचे लक्षण होय. इतर वंशांत ही विषमता नाही असे दाखविता आले, म्हणजे गोऱ्यांचे श्रेष्ठत्व हाडांवर कोरलेले सापडले असे जगास सांगता आले असते. हे दाखविण्याचे काम हिंदी विद्यार्थिनीच्या हाती आले.

काम अत्यंत चिकाटीचे. कवटीवर ठरावीक बिंदू असतात: कपाळाच्या मध्यावरचा, मागच्या फुगवट्यावरचा, कानाच्या छिद्राजवळचा, गालाच्या हाडावरचा, असे अनेक. वाकड्या पायांच्या व सरकत्या पायांच्या अशा दोन तऱ्हेच्या मापनयंत्रांनी या बिंदूंमधील अंतरे मिलिमीटरमध्ये घ्यावयाची, डावीकडील व उजवीकडील आकडे निरनिराळे मांडावयाचे, आणि मग त्यांचा परस्परांशी ताळा पाहावयाचा. यंत्र जरा कलले की आकडा चुकतो. म्हणून तेच माप पुनःपुन्हा घ्यावे लागते. इरावतीबाईंनी अशा १४९ कवट्या तपासल्या. त्या काळच्या बर्लिनमधील संग्रहांत जर्मन वसाहतींतून, विशेषतः पूर्व आफ्रिकेतून, आणलेल्या कवट्या मोठ्या संख्येने होत्या. त्या कोणाच्या होत्या, कोणत्या दफनभूमीतून उकरून आणल्या, मागे राहिलेल्या नातलगांस विचारले होते काय, हे प्रश्न प्रयोगशाळेत कोणी कोणास विचारीत नसे. फडताळातील कवटीस फक्त क्रमांक असे.

आकडे जमले. विषमता होती, ती सर्वच मनुष्यांत होती. परंतु अमुक वंशात अधिक व अमुक वंशात उणी असा मेळ काही केल्या बसेना. वंशाचा आणि कवटीच्या विषमतेचा संबंध नाही, असेच त्या १४९ कवट्या सांगत होत्या.

विद्यार्थ्यांनो, आता या स्थितीचा नीट विचार करा. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी किती अंशांस उकळते हे पाहावयास सांगितले, तर वर्गातील निम्म्या वह्यांत बरोबर १०० हा आकडा पडलेला असतो, मग तापमापक काहीही दाखवो. शिक्षकास हवे ते उत्तर आधी लिहावयाचे आणि प्रयोग त्याच्या मागून ओढून आणावयाचा, ही खोड आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची शिक्षा म्हणाल तर बहुधा पूर्ण गुण! तेथे तर प्रश्न दहा गुणांचा नव्हता. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, सासऱ्यांचा विरोध मोडून आलेली सून, आणि पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती, त्या गुरूचेच अनुमान खोटे ठरत होते. आकड्यांना थोडे वळण द्यावे, निदान निष्कर्ष गुळमुळीत शब्दांत लिहावा, हा मोह कोणासही झाला असता. शिवाय फिशर हे काही एकटे नव्हते. संस्था त्यांची, मासिके त्यांच्या मताची, आणि काळाचा वाराही त्याच दिशेने वाहत होता.

इरावतीबाईंनी जे मापात आले तेच लिहिले. १९३० साली प्रबंध मान्य होऊन डॉक्टरची पदवी मिळाली. मात्र गुरूने श्रेणी दिली ती सर्वांत खालची. मानवी कवटीच्या स्वाभाविक विषमतेवरील हा प्रबंध १९३१ साली जर्मन भाषेत छापून प्रसिद्ध झाला.

फिशर यांची पुढील हकीगत सांगितल्यावाचून या श्रेणीची किंमत कळणार नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जुलै १९३३ मध्ये ज्या कायद्याने तथाकथित सदोष लोकांची सक्तीने संततिक्षमता नष्ट करण्यास मुभा मिळाली, त्याच्या अंमलबजावणीस या संस्थेतील पंडितांनी हातभार लावला. ऱ्हाईन नदीच्या प्रदेशात आफ्रिकी सैनिकांपासून जर्मन स्त्रियांस झालेली मुले होती; १९३७ साली त्या मुलांवर गुपचूप अशा शस्त्रक्रिया झाल्या, त्यांच्या तपासणीत फिशर यांचा भाग होता. पुढे आउश्विट्झच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव याच संस्थेकडे येत असत. एका विद्यार्थिनीने १९३० साली खोटे म्हणून दाखविलेल्या कल्पनेच्या जातीचीच ही सारी कल्पना होती.

मायदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी मुंबईच्या महिला विद्यापीठात काही वर्षे रजिस्ट्रारचे काम केले, आणि १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. तेथेच त्यांचे पुढील आयुष्य गेले. लुगडे नेसून स्कूटर चालविणारी ही प्राध्यापिका पुणेकरांच्या नजरेत भरे, हे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल.

बर्लिनहून त्यांनी गुरूचे मत आणले नाही, पण गुरूची मापनयंत्रे मात्र आणली. खेड्यापाड्यांत हिंडून त्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजीत राहिल्या. यावर अलीकडच्या काही अभ्यासकांनी बोट ठेवले आहे. ज्या हत्याराने वर्णद्वेष घडविला ते हत्यार टाकून का दिले नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. वंशगणनेचे ते सारे शास्त्रच आता मागे पडले आहे. तथापि त्या मापांतून त्यांनी काय काढले हेही पाहिले पाहिजे. के. सी. मल्होत्रा यांच्यासह १९६८ साली त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ जातींची तुलना प्रसिद्ध केली. या जाती एकमेकींत लग्ने करीत नसत. ब्राह्मण या एका नावाखाली येणारे गट मूळच्या एका रक्ताच्या फुटलेल्या फांद्या नसून निरनिराळे गट एका नावाखाली जवळ आलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः चित्पावन असूनही रक्तशुद्धीच्या अभिमानास त्यांनी आधार दिला नाही.

त्यांची खरी कीर्ती मात्र मापांवर उभी नाही. हिंदुस्थानातील नातेसंबंधांच्या रचनेवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. उत्तरेत मुलगी दूरच्या अनोळखी गावी का देतात, दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी का देतात, सासू आणि आत्या यांस काही भाषांत एकच शब्द का असतो, अशा घरगुती गोष्टींतून त्यांनी सबंध देशाचा नकाशा काढला. मराठी वाचकांस त्या अधिक ओळखीच्या आहेत त्या ललित निबंधांमुळे व महाभारतातील व्यक्तींवरील ‘युगान्त’ या ग्रंथामुळे. त्यास १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

इनेस्ट्रासेवरील ती इमारत अजून उभी आहे; आता तेथे एका विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. २०१४ साली त्या परिसरात खोदकाम चालू असता मानवी हाडे सापडली. पुढे पद्धतशीर उत्खनन झाले तेव्हा सुमारे १६,००० तुकडे निघाले. त्यांतील पुष्कळसे वसाहतींच्या काळातील संग्रहांतले असावेत असे संशोधकांचे मत पडले, आणि नाझी राजवटीच्या बळींचे अवशेषही त्यांत असू शकतील हे नाकारता येईना. कोणते हाड कोणत्या वंशाचे हे शोधण्याकरिता अधिक चाचण्या कराव्या काय, असा प्रश्न आला. ज्यूंच्या, रोमा लोकांच्या व आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय झाला आणि तशा चाचण्या न करण्याचे ठरले. मार्च २०२३ मध्ये डालेमच्या वनातील दफनभूमीत ती सारी हाडे एकत्र पुरण्यात आली.