संख्यांच्या सहवासात रमलेले कापरेकर मास्तर

उदगीर : मराठ्यांनी निजामावर मिळविलेल्या उदगीरच्या विजयाचे साल १७६०. यातील अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा केली, तर ७६१० वजा ०१६७ म्हणजे ७४४३ उरतात. हीच कृती पुढे चालविल्यास ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४ येते. त्यानंतर कितीही वेळा वजाबाकी करा, ६१७४ कायम राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच येऊन थांबते. जगभरात ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जाणारा हा शोध एका शाळामास्तरांचा आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे १९३० ते १९६२ अशी तब्बल बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत अध्यापन केले.

त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचे नाव एका रेल्वेस्थानकावरून पडले. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. ही सतरा अंकी संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते, आणि तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नऊचा वर्ग! ७०३ चा वर्ग ४९४२०९. त्याचे दोन भाग करून ४९४ व २०९ मिळविले, की पुन्हा ७०३ हजर. अशा संख्या आज ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. कोणत्याही संख्येत तिचेच अंक मिळवून जी तयार होत नाही, अशा २० सारख्या संख्येला त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले.

परंतु पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांच्या कामाची व्यावसायिक गणितज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. अनेकांना तो निव्वळ आकड्यांचा खेळ वाटला. कापरेकर मात्र खचले नाहीत. पुस्तिका स्वतःच छापून त्यांनी आपले संशोधन लोकांपुढे ठेवले. १९४६ मध्ये गवसलेला ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. तरीही जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळायला १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. तेव्हा मास्तरांनी सत्तरी गाठली होती आणि निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

१९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले. ज्या साध्या वजाबाकीतून त्यांना हे वैभव सापडले, ती आजही प्राथमिक शाळेतील कोणताही विद्यार्थी पाटीवर करून पाहू शकतो. शोधासाठी लागतो तो प्रश्न विचारण्याचा ध्यास, आणि तो या मास्तरांपाशी अखेरपर्यंत होता.