इमामुरा आकित्सुने

सुमिदा नदीकाठची टोकियोची वस्ती नदीने आणलेल्या मऊ गाळावर उभी आहे. खूप खोल, खडकांत, दक्षिणेकडील सागामी उपसागरातून येणारा प्रचंड भ्रंश म्हणजे तडा आहे. त्यावर साचलेला ताण एकाएकी सुटला, की भूमी हादरते.

इमामुरा आकित्सुने (१८७०–१९४८) यांनी जुन्या भूकंपांच्या नोंदी पडताळून १९०५ साली एक लेख लिहिला. पन्नास वर्षांच्या आत राजधानीस मोठा धक्का बसेल, लाकडी घरे पेटतील व लाखावर माणसे दगावतील, असा इशारा त्यांनी त्यात दिला. लोक भयभीत झाले. वरिष्ठ प्राध्यापक ओमोरी यांनी (आणि तेही थोर शास्त्रज्ञच होते!) हे मत निराधार ठरविले. इमामुरांच्या वाट्यास उपहास आला.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारचे बारा वाजण्यास दोन मिनिटे होती. घरोघर चुली पेटलेल्या होत्या. धक्क्यामागोमाग आगी भडकल्या. नळ फुटल्याने त्या विझविण्यास पाणी मिळेना. सुमिदाकाठच्या एकाच मैदानात आश्रयास आलेले सुमारे ३८,००० जीव होरपळून गेले. एकंदर बळी लाखाहून अधिक होते.

पुढे इमामुरांनी पदरमोड करून दक्षिण किनाऱ्यावर भूकंपाचे वेध घेणारी केंद्रे उभारली. त्या किनाऱ्यास १९४४ व १९४६ साली मोठे भूकंप झाले.