सुपरहीरो मोरोपंत !

सुपरहीरो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आकाशात उडणारा सुपरमॅन, जाळी फेकणारा स्पायडरमॅन, फार तर आपला शक्तिमान. मी मात्र यंदा असा एक सुपरहीरो तयार केलाय, ज्याच्याकडे ना ताकद, ना मुखवटा, ना गाडी. त्याचं नाव मोरोपंत रामचंद्र पराडकर. हो, तेच ते, मराठीच्या पुस्तकात आपल्याला घाम फोडणारे कवी मोरोपंत! हसू नका, पुढे वाचा.

आधी खेळाबद्दल थोडं. रोल-प्लेइंग गेम हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि १९८१ मध्ये सुपरहीरोंचा ‘चॅम्पियन्स’. यात प्रत्येकाने आपलं पात्र एका कागदावर ‘बांधायचं’ असतं. ठरावीक पॉइंट मिळतात, त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. पण खरी गंमत पुढे आहे. तुम्ही स्वतःवर एखादं बंधन घालून घेतलंत तर शक्ती स्वस्तात मिळते. नुसतं उडायचं असेल तर महाग, पण फक्त रात्रीच उडता येईल असं लिहिलंत की स्वस्त. हा नियम वाचला आणि मला एकदम मोरोपंतच आठवले. ते का, हे कळायला त्यांचं आयुष्य बघावं लागेल.

मी मलकापूरची. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे निबंध ‘माय बेस्ट फ्रेंड’वर आणि मराठी म्हणजे गाईडमधून पाठ करायचा विषय. मलकापूरहून कोल्हापूरला जाताना वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा लागतो. हजार वेळा तिथून गेले असेन. पन्हाळा म्हटलं की सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभू, पावनखिंड हे सगळं तोंडपाठ. पण त्याच गडावर १७२९ मध्ये एक कवी जन्माला आला, हे मला कॉलेजात आल्यावर लायब्ररीत कळलं!

पराडकर घराणं मूळचं राजापूरजवळच्या सौंदळचं. राजापूरकडून अणुस्कुरा घाट चढून वर आलं की आमचं मलकापूर, आणि पुढे पन्हाळा. म्हणजे तसे ते आमच्याच वाटेवरचे. मोरोपंतांचे वडील नोकरीसाठी पन्हाळ्याला आले. तिथे केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या दोन विद्वान भावांकडे मोरोपंत काव्य, व्याकरण, अलंकार शिकले. वयाची पहिली चोवीसेक वर्षं त्यांनी गडावर काढली. मग हे कुटुंब बारामतीला गेलं. तिथे बाबूजी नाईक हे बडे सावकार, पेशव्यांचे सोयरे. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेल्यावर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी याच बाबूजींचं नाव पुढे केलं होतं. त्यांच्या आश्रयाला मोरोपंत राहिले, वाड्यात पुराण सांगू लागले आणि शेवटपर्यंत बारामतीचेच झाले. मधे काशीयात्रा केली. बाकी लढाई नाही, कट नाही, तुरुंगवास नाही. सिनेमा काढायला गेलात तर प्रोड्युसर पळून जाईल!

पण हा माणूस रोज लिहीत होता. त्यांचं लाडकं वृत्त म्हणजे आर्या, त्यातही गीती हा प्रकार. यात ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२, १८ मात्रा. एकूण ६०. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत, टॉलरन्स शून्य! अशा सुमारे १७ हजार आर्यांमध्ये त्यांनी अख्खं महाभारत मराठीत आणलं. गुणाकार करून बघा, दहा लाखांच्या वर मात्रा होतात. मूळ महाभारत एक लाख श्लोकांचं मानतात, म्हणजे ही झिप फाईलच झाली की.

आणि रामायण? ते एकदा लिहून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी १०८ रामायणं रचली असं सांगितलं जातं, आणि त्यातल्या कितीतरींना वेगळी अट. दाम रामायण, मंत्र रामायण, परंतु रामायण अशी नावं आहेत. मला सगळ्यात आवडलं ते निरोष्ठ रामायण. यात ओठाला ओठ लावून उच्चारायचं अक्षर आणायचं नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म बंद. आता विचार करा, रामायण लिहायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही! लक्ष्मण बाद, भरत बाद, हनुमान बाद. सीता तेवढी वाचली. कवीला स्वतःचं नावही घेता येत नाही, कारण मोरोपंतांत म आणि प दोन्ही आले. फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक या लेखकाने १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर टाळून कादंबरी लिहिली, त्याचं जगभर कौतुक झालं. आपल्या पन्हाळ्याच्या माणसाने तसाच खेळ दोनशे वर्षं आधी खेळून ठेवलाय.

तर माझ्या कागदावर नाव लिहिलं ‘मयूर’, कारण कवितेत ते स्वतःला तेच म्हणवतात. शक्ती : शब्द. बंधनं : भरपूर, म्हणून पॉइंटही भरपूर. माझ्या रूम पार्टनरला हे अजिबात पटलं नाही. तिचा मुद्दा सरळ होता. १७६१ मध्ये पानिपत झालं तेव्हा मोरोपंत बत्तिशीचे. त्यांच्या वयाची माणसं तिकडे मरत होती आणि हे इकडे मात्रा मोजत बसले. अशा माणसाला हीरो म्हणायचं?

एका रविवारी हॉस्टेलवर आम्ही खेळ लावला. खलनायकाने शहरावर असा मंत्र टाकला की कुणाचेच ओठ मिटेनात. लोकांना ‘आई’ म्हणता येई, ‘बाबा’ नाही. ‘मदत’ तर नाहीच. ताकदवाले सगळे हीरो आपसात काय करायचं तेच बोलू शकेनात. बोलत राहिला तो एकटा मयूर. आयुष्यभर जी अट उगाच घातल्यासारखी वाटत होती, तीच ऐनवेळी कामाला आली. पार्टनरनेही फासे टाकायचे थांबून नीट ऐकलं.

पण तिचा प्रश्न खेळात जिंकून सुटत नाही, हे मलाही कळतं. त्याचं उत्तर मला कीर्तनात सापडलं. सोलापूरचा लावणीकार शाहीर रामजोशी मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला आणि त्याने आर्या गावोगाव पोचवल्या, असं परंपरा सांगते. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनी महाभारत कानांनी ऐकलं, ते असं. पुढे १८५४ मध्ये परशुराम तात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीत’मधून त्यांची कविता शाळेतल्या पोरांपर्यंत गेली. लढाई हरल्यावरही लोकांकडे सांगायला गोष्ट आणि सांगायला भाषा उरावी लागते. ते काम कुणीतरी बसूनच करायचं असतं.

कमतरताही लिहिल्या, त्याशिवाय शीट पूर्ण होत नाही. लांबलचक संस्कृत समास, अवघड शब्द. कसरतच जास्त, भावना कमी, असा आरोप त्यांच्यावर होत आलाय आणि काही आर्या वाचताना मलाही तो खरा वाटतो. शब्दकोश उघडा ठेवूनच वाचावं लागतं. शिवाय पोटासाठी सावकाराचा आश्रय.

एक गोष्ट मात्र शीटवर कुठल्या रकान्यात टाकावी ते मला जमलं नाही. ती म्हणजे ‘केकावली’. केका म्हणजे मोराची हाक. उतारवयात लिहिलेले हे सुमारे १२० श्लोक. वृत्त इथेही कडक आहे, पृथ्वी, ओळीला १७ अक्षरं. पण इथे कुणाला चकित करायचं नाहीये. आयुष्यभर शब्दांवर हुकूम चालवलेला माणूस देवापुढे उभा राहून, मला सांभाळ, एवढंच परोपरीने विनवतो. मधेच भांडतो, मधेच लाडात येतो. ही शक्ती म्हणावी की कमतरता? मी तो रकाना कोरा ठेवलाय. १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीत मोरोपंत गेले.

तेव्हा दोस्तहो, सबमिशन संपलं की लायब्ररीच्या मराठी कपाटाकडे एक चक्कर मारा. तिथली पुस्तकं आपली वाट बघून धूळ खातायत. आणि तोपर्यंत एक सोपा प्रयोग करा. ओठ न मिटता आपल्या बेस्ट फ्रेंडबद्दल चार ओळी लिहून बघा. ‘माझी मैत्रीण’ असं सुरू करायला गेलात तर पहिल्याच अक्षराला आऊट!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल